तेलाच्या पुड्यांमागची रिकामी खोकी

रिटेलमध्ये नव्याने येणाऱ्या पोरापोरींना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो: शेल्फ समोरून पाहू नका, मागे हात घालून पाहा.

मी विदर्भातल्या एका दुकानांच्या साखळीत होतो. तिच्या पांढरकवड्याच्या दुकानात २०१८ च्या उन्हाळ्यात मी तेलाच्या पुड्या लावत होतो. पुढे एकच ओळ, मागे रिकामी खोकी रचलेली. शेल्फ भरलेलं दिसलं पाहिजे, असा वरून निरोप होता. तेलवाला डिस्ट्रिब्युटर नगद मोजल्याशिवाय गाडीच उतरवत नव्हता. चार महिन्यांनी दुकानाला कुलूप लागलं.

२०१३ मध्ये बी.कॉम. करून मी लागलो तेव्हा या साखळीची चार दुकानं होती, तीन वर्षांत अकरा झाली. लोक का आले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याआधी साडी घ्यायची तर गादीवरचा माणूस दाखवेल तेवढीच पाहायची. चार उलगडायला लावून घेतली नाही तर बाईच ओशाळायची. आमच्याकडे खेड्यातून आलेली बाई साडी स्वतः हातात घ्यायची, पोत चोळून पाहायची, किमतीची चिठ्ठी वाचायची, न घेता निघून गेली तरी कोणी तोंड वाकडं करत नव्हतं. ही फार मोठी गोष्ट होती आणि आजही मला तिचा अभिमान वाटतो.

बिघडलं ते खरेदीत. माल तीस दिवसांच्या उधारीवर यायचा, विकून आलेला पैसा डिस्ट्रिब्युटरला न देता पुढच्या दुकानाच्या डिपॉझिटमध्ये जायचा. त्यात नागपूरचं हेड ऑफिस सगळ्या दुकानांना एकाच तारखेला सारखाच माल पाठवायचं. वाशीमकडे सोयाबीनचा पैसा दसऱ्याच्या आसपास हातात येतो; आमच्या कापूसपट्ट्यात पहिली वेचणी विकून चुकारा मिळेपर्यंत दिवाळी उलटून जाते. एक काकाजी कुकर हातात घेऊन म्हणाले होते, "भाऊ, वस्तू चांगली हाय, पन कापूस इकल्याशिवाय पैसा कुठून आनू?" तो कुकर मी डिसेंबरपर्यंत बाजूला ठेवला, त्यांनी येऊन नेला. हेड ऑफिसच्या कागदावर मात्र तो पडून राहिलेला माल होता.

२०१६ ची दिवाळी ३० ऑक्टोबरला होती. आम्ही कापसाच्या पैशावर डोळा ठेवून गोडाऊन भरलं आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली. गिऱ्हाईक बँकेच्या रांगेत, माल आमच्या अंगावर. पुढच्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. पण खरं सांगायचं तर उधारीवर दुकानं वाढवली नसती, तर ही दोन वर्षं निभली असती. चेन्नईची सुभिक्षा १९९७ मध्ये सुरू झाली, देशभरात सुमारे १,६०० दुकानांपर्यंत गेली आणि २००९ मध्ये पगार, भाडं आणि मालाचे पैसे थकून बंद पडली. त्याउलट डीमार्टने २००२ पासून सावकाश वाढ केली, बहुतेक जागा स्वतःच्या घेतल्या आणि माल देणाऱ्यांचे पैसे लवकर चुकते केले. मुलाखतीला जाण्याआधी या दोन कंपन्यांबद्दल वाचून जा.

नोकरी लागल्यावर दर महिन्याला पीएफचं पासबुक उघडून पाहा. आमच्या पगारातून पीएफ कापला जायचा, पण भरणा आधी उशिरा होऊ लागला, मग थांबला. मी पाच महिने पाहिलंच नाही. माझ्यासोबतची एक मुलगी दर महिन्याला पाहायची. तिने वेळेवर दुसरी नोकरी धरली. डिस्ट्रिब्युटरच्या पोरांशी चहा प्या, त्यांना पैसे कधी मिळतात ते विचारा. दुकानाची तब्येत मॅनेजरच्या आधी त्यांना कळते.

आता मी वणीत एका होलसेल व्यापाऱ्याकडे खरेदी पाहतो. दिवाळीनंतर रोज सकाळी जिनिंगवरून, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यावरून, चक्कर मारतो. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली की मगच कुकरची ऑर्डर देतो.