सीमेपलीकडे जाणारे पाणी: मोजणी कशी जुळवावी आणि माहिती कशी वाटून घ्यावी

दोन देशांतून वाहणाऱ्या नदीची किंवा दोन देशांखाली पसरलेल्या जलधराची (पाणी साठवून ठेवणाऱ्या जमिनीखालच्या थराची) माहिती एकमेकांना द्यायची म्हटली, की चर्चा बहुधा कराराच्या मसुद्यापासून सुरू होते आणि बरीच वर्षे मसुद्यातच अडकून राहते. करार हवाच; पण दोन्ही बाजूंचे तंत्रज्ञ एकाच पद्धतीने मोजत नसतील, तर त्या करारानुसार हाती येणारे आकडे जुने वाद मिटवण्याऐवजी नवे उभे करतात. म्हणून ज्यांच्यावर हे काम सोपवले गेले आहे त्यांनी आधी मोजणी जुळवावी आणि मग देवाणघेवाण वाढवत न्यावी.

त्याआधी माहिती कशासाठी हवी आहे, हे दोन्ही बाजूंनी मिळून लिहून काढावे. पुराच्या इशाऱ्यासाठी तासातासाची पातळी लागते, उन्हाळ्यातील पाणीवाटपासाठी रोजचा विसर्ग (ठरावीक वेळात वाहून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण) लागतो, तर भूजल वर्षानुवर्षे वाढते की घटते हे पाहण्यासाठी महिन्यातून एकदा घेतलेली, पण अनेक वर्षे न खंडलेली नोंद पुरते. सिंधू पाणीवाटप कराराने (१९६०) रोजच्या नोंदी दरमहा एकत्र करून पाठवण्याची अट आणि त्यासाठी महिना संपल्यापासून जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदत ठेवली होती. पाण्याचा हिशेब मांडण्यासाठी ती चालते, पुराच्या इशाऱ्यासाठी तिचा काहीच उपयोग नाही. दूषित पाण्याच्या बाबतीत तर काही तासांचा उशीरही महाग पडतो. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवताना कीटकनाशके मिसळलेले पाणी ऱ्हाईन नदीत गेले आणि खालच्या अंगाला शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. अशा प्रसंगी कोणाला, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या भाषेत कळवायचे हे आधीच ठरलेले असावे लागते. म्हणून इशाऱ्याची व्यवस्था नेहमीच्या देवाणघेवाणीपासून वेगळी ठेवावी, तिचे संपर्क चोवीस तास चालू असावेत आणि वर्षातून एकदा तरी तिची रंगीत तालीम घ्यावी.

आकडे जुळवण्यापूर्वी मोजण्याची पद्धत जुळवा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. पहिली अडचण संदर्भपातळीची असते. प्रत्येक देश उंची आपापल्या समुद्रसपाटीपासून मोजतो आणि त्या सपाट्या एक नसतात. ऱ्हाईनवर लाउफेनबुर्ग येथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना दोन्ही देशांच्या संदर्भपातळ्यांमध्ये २७ सेंटीमीटरचा फरक आहे हे अभियंत्यांना ठाऊक होते, पण दुरुस्ती उलट चिन्हाने लावली गेली आणि दोन्ही टोकांत ५४ सेंटीमीटरचे अंतर पडले. पुलावर चूक निदान डोळ्यांना दिसते. नदीच्या पातळीच्या तक्त्यात ती वर्षानुवर्षे दडून राहू शकते. त्यामुळे प्रत्येक जलमापन केंद्राच्या शून्याची उंची दोन्ही पद्धतींत लिहावी आणि सीमेजवळच्या केंद्रांचे समतलन (उंचीतील फरकाची मोजणी) दोन्ही पथकांनी एकत्र करावे.

दुसरी अडचण दिवसाची. एका देशाचा जलदिन (पाण्याच्या नोंदीसाठी धरलेला दिवस) मध्यरात्री सुरू होतो आणि दुसऱ्याचा सकाळी आठला, अशा वेळी त्याच पुराचा कमाल विसर्ग दोन वेगळ्या तारखांना नोंदला जातो. वेळ कोणत्या प्रमाणवेळेतली आहे हे प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेले असलेच पाहिजे. विसर्ग सहसा थेट मोजला जात नाही. पातळी वाचून तो पातळी–विसर्ग वक्रावरून, म्हणजे कोणत्या पातळीला किती विसर्ग असतो हे दाखवणाऱ्या आलेखावरून, काढला जातो, आणि पुरानंतर पात्र बदलले की तो वक्रही बदलावा लागतो. म्हणून नुसता विसर्ग न पाठवता मूळ पातळी, वापरलेला वक्र आणि प्रत्यक्ष प्रवाहमापनाच्या तारखा सोबत द्याव्यात.

पाण्याच्या गुणवत्तेत एककाचा घोळ फार सहज होतो. नायट्रेट काही प्रयोगशाळा नायट्रेट म्हणून नोंदवतात, काही त्यातील नायट्रोजन म्हणून. दोन्हींचे एकक लिटरमागे मिलिग्रॅमच, पण एकाच नमुन्यासाठी पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे ४.४ पट येतो. शीर्षकात हे लिहिले नसेल तर सीमेच्या एका बाजूचे शेतकरी विनाकारण दोषी ठरतात. धातूंच्या बाबतीत नमुना गाळून तपासला की न गाळता, हेही नोंदवावे. खात्री करण्याचा सरळ उपाय म्हणजे एकच नमुना एकाच बाटलीतून दोन भागांत विभागून दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांना देणे. युरोपातील डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात १९९६ पासून देशादेशांतील निरीक्षणजाळे चालू आहे आणि तिथे प्रयोगशाळांच्या परस्पर तुलनेला कायमचे स्थान आहे.

जिथे अविश्वास खोल आहे तिथे एकत्र मोजणी हाच मार्ग उरतो. भारत आणि बांगलादेश यांच्यातील १९९६ च्या गंगा पाणीवाटप कराराने भारतातील फराक्का आणि बांगलादेशातील हार्डिंज पूल या दोन ठिकाणी रोजचा प्रवाह नोंदण्यासाठी संयुक्त समितीची पथके नेमली. शेजारची माणसे आपल्या डोळ्यांसमोर उभी असताना घेतलेला आकडा पत्रातून आलेल्या आकड्यापेक्षा अधिक विश्वास कमावतो, मग वाटपाबाबत मतभेद राहिले तरी चालते.

भूजलाला वेगळी शिस्त लागते

नदी दिसते, जलधर दिसत नाही. त्यामुळे त्याची हद्द, जाडी आणि पाणी कुठून मुरते याचा एकत्रित नकाशा हे पहिले काम. निरीक्षण विहीर निवडताना ती कोणत्या थरातील पाणी दाखवते हे ठाऊक असले पाहिजे. वेगवेगळ्या खोलीच्या दोन विहिरींतील पातळ्या शेजारी शेजारी मांडून उपशाबद्दल निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. विहिरीची खोली, पाणी आत येऊ देणाऱ्या जाळीदार नळीची उंची, माथ्याची पातळी आणि मोजण्यापूर्वी पंप किती तास बंद होता, एवढी माहिती प्रत्येक नोंदीसोबत असावी. पाण्यात सोडलेला स्वयंचलित दाबमापक हवेचा दाबही मोजत असेल, तर ती दुरुस्ती केली की नाही हेही लिहावे.

पातळीइतकाच उपसा महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आकडा कोणी सहज देत नाही. या बाबतीत जिनिव्हा आणि फ्रान्सचा हाऊत-सावोआ प्रदेश यांच्यातील १९७८ ची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. तिथे जलधरातील उपसा मीटरने नोंदवणे बंधनकारक करण्यात आले आणि आर्व्ह नदीचे पाणी जलधरात मुरवण्याचा, म्हणजे पुनर्भरणाचा, खर्च उपशाच्या हिशेबाशी जोडला गेला. मोजणी पैशाशी जोडल्यामुळे ती टाळणे कठीण झाले. मोठे आणि जवळजवळ पुनर्भरण नसलेले जलधर असतील तिथे उपसा आणि पुनर्भरण यांचा असा मेळ घालता येणार नाही, पण निरीक्षणाचा करार तरी करता येतो. चाड, इजिप्त, लिबिया आणि सुदान यांनी न्यूबियन वालुकाश्म जलधरासाठी २००० मध्ये तो केला.

पाठवणे आणि सांभाळणे

फाइलचा नमुना एकच ठेवावा आणि त्यात केंद्राचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, एकक, पद्धत आणि विश्वासार्हतेची खूण हे रकाने सक्तीचे असावेत. जिथे मोजणी झाली नाही तिथे शून्य न लिहिता जागा रिकामी सोडून कारण द्यावे, कारण कोरड्या नदीचे शून्य आणि बंद पडलेल्या सेन्सरचे शून्य यांचा अर्थ एक नाही. दुरुस्त केलेला आकडा जुन्यावर लिहू नये. दोन्ही आवृत्त्या तारखेसह ठेवाव्यात. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस उपग्रहांच्या (ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील बदल मोजत आणि २०१७ मध्ये बंद झाले) आणि २०१८ पासून त्यांची जागा घेतलेल्या उपग्रहांच्या आधारे मोठ्या प्रदेशातील पाणीसाठ्यातील बदलांचा अंदाज येतो आणि तो दोन्ही देशांना सारखाच उपलब्ध असतो, पण त्याची बारकाई काही शे किलोमीटरची असल्याने सीमेवरच्या एखाद्या विहिरीबद्दल त्यातून काही ठरवू नये.

गोपनीयतेचा प्रश्न टाळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह करारात सहज उपलब्ध माहिती नियमित देण्याचे बंधन आहे, आणि राष्ट्रीय संरक्षणासाठी अत्यावश्यक माहिती रोखण्याची मुभाही आहे. ही मुभा सैल ठेवली तर धरणाचा प्रत्येक दरवाजा गुप्त ठरतो. त्यामुळे काय दिले जाणार नाही याची यादी आधीच छोटी आणि लेखी करावी, आणि यादीबाहेरचे सारे देय मानावे.

शेवटी, दोन्ही बाजूंचे आकडे जुळले नाहीत तर काय करायचे हेही आधी ठरवावे: मान्य मर्यादेपेक्षा फरक जास्त आला तर ठरलेल्या दिवसांत संयुक्त पथक त्याच ठिकाणी जाऊन पुन्हा मोजेल, आणि तोवर अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी, कोणताही न वगळता, छापले जातील.