लहान मुलाला औषध कसं पाजायचं, नाक न दाबता

एक ते तीन वर्षांच्या पोराला ताप आला आणि औषधाची वेळ झाली की आपल्याकडे कोकणात घरात काय होतं ते सगळ्यांना माहितीये. आजी पाय धरते, काका हात धरतो, कोणीतरी नाक दाबतं, आई चमचा तोंडात ओतते आणि ओटीवर बसलेले आजोबा तिथूनच ओरडतात की त्याला आडवं करा म्हणजे जाईल खाली. अर्धं औषध झबल्यावर, अर्धं उशीवर, पोर रडून रडून काळंनिळं. सगळ्यांची माया असते त्यात, त्याबद्दल शंकाच नाही. पण ही पद्धत खरंच सोडायला हवी, आणि नुसतं पोर रडतं म्हणून नव्हे. रडताना मूल मोठा श्वास आत ओढतं, त्याच वेळी घशात औषध ओतलं की ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, नाक दाबलेलं असेल तर तोंडानेच श्वास घ्यावा लागतो म्हणून धोका अजून वाढतो. शिवाय पोटात नक्की किती गेलं हे कोणालाच कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाटली दिसली तरी पोर तोंड घट्ट मिटून घेतं. अँटिबायोटिकचा कोर्स पाच-सात दिवस चालतो हो, रोज दोन-तीन वेळा अशी कुस्ती कोण खेळणार.

आधी बाटली नीट वाचा

हे काम पोराला मांडीवर घेण्याच्या आधीचं आहे आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल, ते वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅम असतं, दुसऱ्यात ५ मिलीत २५० असतं, आणि ड्रॉप्समध्ये तर १ मिलीतच १०० मिलीग्रॅम. बाटल्या दिसायला सारख्याच. गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात ते आपल्या पोरांची बाटली घेऊन येतात, इकडे घरात आधीची एक असते, आणि रात्री लाईट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात हाताला येईल ती उघडली जाते.

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस मुलाच्या वजनावर असतो, दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. म्हणजे १० किलोच्या पोराला जास्तीत जास्त १५० मिलीग्रॅम, ते १२५ वाल्या सिरपचे ६ मिली होतात, २५० वाल्याचे ३ मिली आणि ड्रॉप्सचे फक्त दीड मिली. तेच ६ मिली चुकून ड्रॉप्सचे गेले तर ६०० मिलीग्रॅम झाले, चौपट! म्हणून डॉक्टरांना "किती मिली" एवढंच विचारू नका, "कुठल्या बाटलीतलं किती मिली" असं विचारा आणि त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. दोन डोसमध्ये चार ते सहा तास जायला हवेत आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नको. काही सर्दीच्या औषधांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही दिली तर डोस डबल होतो, तेही लेबलवर बघा.

दिलेली वेळ लिहून ठेवा, भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं तरी चालेल. भरलेल्या घरात आईने दिलं आणि अर्ध्या तासाने आजीने परत दिलं असं अगदी सहज होतं.

अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली असेल तर आधी ती हलवून पावडर सुटी करा, मग सोबत आलेलं पाणी घाला, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत. विहिरीचं पाणी तसंच घालू नका, कितीही गोड असलं तरी. हलवल्यावर पातळी खाली जाते, तेव्हा परत खुणेपर्यंत भरायचं. नंतर प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली चांगली हलवायची, कारण औषध तळाला बसतं, न हलवता दिलं तर पहिले डोस पाणीदार आणि शेवटचे कडक. काही औषधं फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनिक त्यातलंच. पावसात आपल्याकडे लाईट तासन्‌तास जाते, कधी दोन दोन दिवस नसते, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. पाण्यात विरघळणारी गोळी जमत असेल तर ते तशी लिहून देतात, तिला फ्रिज लागत नाही.

चमचा नको, सिरिंज घ्या

घरातला चमचा म्हणजे माप नव्हे, एकीकडचा चहाचा चमचा तीन मिलीचा तर दुसरीकडचा सहाचा. बाटलीसोबत मापाचं झाकण येतं ते ठीक, पण सगळ्यात चांगली ती बिनसुईची ५ मिलीची सिरिंज, कुठल्याही मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळते. टोकाला छोटं टोपण असेल तर ते आधी काढून कचऱ्यात टाका, पोराच्या घशात अडकू शकतं. जुन्या घरांत चोचवालं बोंडलं असतं, बाळाला दूध पाजायला ते छान, पण औषधाला नको, त्यात माप कळत नाही आणि धार थेट घशात जाते.

पोर बरं असतानाच एक सिरिंज त्याला खेळायला द्या, अंघोळीच्या वेळी पाणी भरून उडवू दे. शिमग्यात पिचकारी बघितलेलं पोर लगेच ओळखतं. मग आजारपणात ती वस्तू अनोळखी राहत नाही, हा उपाय एवढा साधा आहे आणि एवढा चालतो की मी भेटेल त्या प्रत्येक आईला सांगते.

आता प्रत्यक्ष पाजायचं

एकाने पाजायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर. हे घरात सांगायला जड जातं, विशेषतः सासूबाईंना, पण प्रेमाने सांगा की आई तुम्ही तेवढं केळं कुस्करून तयार ठेवा. चार माणसं वाकून बघायला लागली की पोराला कळतंच काहीतरी वाईट होणार आहे. पाजणारं माणूसही रोज शक्यतो तेच असू दे.

पोराला मांडीवर बसतं घ्या, पाठ तुमच्या छातीला टेकलेली, डोकं किंचित वर, मागे झुकवायचं नाही आणि आडवं तर अजिबात नाही. त्याचा एक हात तुमच्या काखेखालून मागे गेला आणि दुसरा तुमच्या डाव्या हातात राहिला की ओढाताण न करताही धक्का लागत नाही. सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून गाल आणि हिरडीच्या मधे सरकवा, घशाकडे रोखू नका. अर्धा ते एक मिली सोडा. थांबा. गिळलेलं दिसलं की पुढचं. पाच मिली द्यायला एक-दोन मिनिटं गेली तर जाऊ देत. रडायला लागलं तर सिरिंज बाहेर काढा, उचलून खळ्यात एक फेरी मारा, कोंबड्या दाखवा, शांत झालं की परत बसा. झोपलेल्या पोराच्या तोंडात कधीही औषध सोडू नका, आणि ताप असूनही शांत झोपलं असेल तर नुसत्या तापाच्या औषधासाठी उठवायची गरज नाही.

दोन वर्षांच्या पुढच्या पोराला थोडं ठरवायला द्या. औषध घ्यायचं की नाही हे विचारायचं नाही, पण "पिचकारीने की वाटीने, आजीच्या मांडीवर की माझ्या" हे विचारता येतं. आधी बाहुलीला, मग तुला. आणि खरं बोला, "घे मा रे बाबू, येवढाच आसा, कडू आसा पण मग केळा गावतला". औषधाला चॉकलेट किंवा सरबत म्हणू नका, नंतर एकटं असताना पोर ते शोधून पिऊन टाकतं. म्हणूनच बाटली उंच फडताळात, खिडकीच्या कट्ट्यावर नाही.

चवीचं काय करायचं

औषधाच्या आधी जिभेवर किंचित तूप किंवा जाम चोळलं की कडवटपणा कमी लागतो. सिरप थोडं गार असेल तरी चव दबते, पण थंड चालतं का ते लेबलवर बघून. नंतर लगेच देण्यासाठी काहीतरी हाताशी हवंच, कुस्करलेलं केळं, हापूसचा रस, शहाळ्याची कोवळी मलई खरवडून, गूळ घातलेली पेज. कोकम सरबतही चालतं पण घसा लाल असेल तर झोंबतं, तेव्हा नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

औषध खाण्यात मिसळायचं असेल तर आधी डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्यांना विचारा, आणि चालत असेल तर एका चमच्यातच मिसळा. दुधाच्या पूर्ण बाटलीत घातलं आणि पोराने अर्धीच प्यायली तर डोसही अर्धाच गेला, वर दुधाचीही शिसारी बसते ती वेगळीच. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, नीट शोषलं जात नाही.

थुंकलं किंवा उलटी झाली तर

थोडंसं ओघळलं तर अंदाजाने परत भरू नका. औषध दिल्यावर १५ मिनिटांच्या आत सगळंच उलटून पडलं तर साधारणपणे तोच डोस परत देतात, पण औषधाप्रमाणे फरक पडतो म्हणून आधी डॉक्टरांना फोन करून विचारा. बराच वेळ गेल्यावर उलटी झाली तर परत देऊ नका, पुढच्या वेळेची वाट बघा. पोटात काहीच टिकत नसेल तर पॅरासिटामॉलची शौचाच्या जागेतून ठेवायची गोळीही मिळते, ती डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचीच.

जुलाब असतील तेव्हा ओआरएस हेच मुख्य औषध. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. २४ तासांनी उरलेलं फेकायचं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून परत एकेक चमचा, सावकाश. सोबत झिंकची गोळी, सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. चमचाभर पाण्यात ती विरघळते, चव धातूसारखी लागते म्हणून मागून केळं. दोन्ही आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

मनाने देऊ नये असं काही

खोकल्याचं सिरप. केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. पावसाळ्यात आपल्या पट्ट्यात डेंग्यू, लेप्टो, मलेरिया फिरत असतो, अशा तापात आयबुप्रोफेन या ताप-दुखण्याच्या दुसऱ्या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी बघेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. मीठ-मोहरीने दृष्ट काढायची तर खुशाल काढा, आजीला बरं वाटतं, फक्त औषधाची वेळ टळू देऊ नका आणि धूर पोराच्या नाकाशी नको.

कधी थांबायचं आणि निघायचं

पोर काहीच पीत नाही, दिलेलं सगळं उलटतं, सहा-आठ तासांत शू झालेली नाही, गुंगीत आहे, झटका आला, श्वास घेताना छाती आत ओढली जाते किंवा शांत असतानाही मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास होतायत, यातलं एकही दिसलं तर औषध पाजायच्या नादात वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा. खाडीपलीकडच्या गावात असाल आणि रात्री फेरीबोट बंद असेल तर अंधार पडायच्या आधीच निर्णय घ्या, जरा शंका आली तरी. निघताना सगळ्या बाटल्या पिशवीत टाका आणि लिहिलेल्या वेळांचा मोबाईलवर फोटो काढून घ्या, काय दिलं आणि किती वाजता दिलं हे डॉक्टर पोहोचल्या पोहोचल्या विचारतात.