सेन्सर नोडची बॅटरी लवकर उतरते? या चुका टाळा

बागेत मातीचा ओलावा मोजून लोरा या दूर पल्ल्याच्या, कमी विजेच्या रेडिओने पाठवणारा नोड (सेन्सर जोडलेला छोटा बोर्ड), त्यात २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० आकाराचा लिथियम सेल आणि दर १५ मिनिटांनी एक संदेश. हा नोड वर्षभर सहज चालायला हवा. तो तीन आठवड्यांत बंद पडला, की सगळे रेडिओला दोष देतात. पण एसएफ७ वर (एसएफ म्हणजे लोराची वेगाची पायरी, ७ वेगवान, १२ सर्वांत संथ) एक संदेश जेमतेम ६० मिलिसेकंदांत जातो, दिवसभराचे ९६ संदेश मिळून ०.१ मिलिअँपिअर-तासही लागत नाही. सेल रिकामा होतो तो नोड झोपलेला, म्हणजे दोन संदेशांमध्ये काम थांबवून पडलेला असताना.

पहिला चोर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप. स्वस्त बोर्डांवरचा एएमएस१११७ हा रेग्युलेटर काही काम नसतानाही साधारण ५ मिलिअँपिअर खातो. म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, आणि २१ दिवसांत सेल संपला! तो काढून एमसीपी१७०० लावा, त्याला २ मायक्रोअँपिअरही पुरतात. बोर्डावरचा पॉवर एलईडीही उपटून टाका.

बॅटरीचा व्होल्टेज मोजायला १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावले, तर २१० मायक्रोअँपिअर कायम वाहतात. वर्षाला १८०० मिलिअँपिअर-तासांहून जास्त! दोन्ही १ मेगओहमचे घ्या आणि मोजायच्या पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा.

रेडिओ स्टँडबायमध्ये राहिला तर एसएक्स१२७६ ही लोरा रेडिओ चिप सुमारे १.६ मिलिअँपिअर घेतो, स्लीपमध्ये ०.२ मायक्रोअँपिअर. कंट्रोलर झोपवण्याआधी रेडिओला स्लीपची आज्ञा दिली आहे ना, हे कोडमध्ये तपासा.

मॉस्फेटने (स्विचसारखा वापरलेला ट्रान्झिस्टर) सेन्सरचा पुरवठा तोडूनही सेन्सरवरचा एलईडी मिणमिणत असेल, तर करंट डेटाच्या तारांतून शिरतोय. डेटाच्या तारा पुरवठ्याला जोडणारे पुल-अप रेझिस्टर मॉस्फेटने तोडल्या जाणाऱ्या पुरवठ्याच्या बाजूला घ्या आणि झोपण्याआधी कंट्रोलरच्या त्या डेटा पिना लो (शून्य व्होल्ट) करा.

मोजताना मल्टिमीटर थेट मायक्रोअँपिअरवर ठेवू नका. मीटरच्या आतल्या रोधामुळे संदेश पाठवताना व्होल्टेज कोसळतो, नोड पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि आकडा खोटा येतो. मीटरच्या दोन्ही टोकांना जोडतारेने शॉर्ट करून नोड सुरू करा, तो झोपला की तार काढा. २० मायक्रोअँपिअरच्या आत आकडा आला, की मगच रेडिओकडे वळा.

तिथे एसएफ१२ हा पहिला उपाय समजू नका. संदेशाला एसएफ७ च्या वीसपटीहून जास्त वेळ लागतो. आधी अँटेना पानांच्या वर उचला. पोच (संदेश मिळाल्याचे उत्तर) मागणारे संदेशही टाळा, पोच हरवली की नोड तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवतो.

संदेश एका नोडकडून दुसऱ्याकडे पुढे जात असतील, तर गेटवेजवळचे (सगळे संदेश गोळा करणारे उपकरण) नोड सगळ्यांचे ओझे वाहतात आणि आधी संपतात. तिथे दुप्पट क्षमतेचा सेल लावा.