अहवाल येण्याआधीचे दोन दिवस: वॉर्डाची तयारी

दुसऱ्या रुग्णालयातून रुग्ण हलवला जात असल्याचा निरोप आला की त्याची खोली तो पोहोचण्याआधी तयार असली पाहिजे. मागच्या वेळी औषधांना दाद न देणारे जंतू शोधण्यासाठी मी गुदद्वाराचा स्वॅब वेळेवर पाठवला, पण कल्चरचा (प्रयोगशाळेत जंतू वाढवून केलेल्या तपासणीचा) अहवाल येईपर्यंत रुग्णाला इतरांसोबतच ठेवले, कारण ताप नव्हता, जुलाब नव्हते आणि जखमही कोरडी होती. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला की कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणारा क्लेबसिएला हा आतड्यातला जंतू सापडला आहे. तोपर्यंत बीपीचा एकच पट्टा चारही खाटांवर फिरला होता. पुढे शेजारच्या दोघांच्या स्वॅबमध्येही तोच जंतू निघाला.

म्हणून अहवाल येईपर्यंत रुग्ण वाहक आहे, म्हणजे लक्षणे नसली तरी त्याच्या शरीरात असा जंतू आहे, असेच धरावे. त्याला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय द्यावे. पट्टा, स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर त्याच खोलीत ठेवावेत. खोली रिकामी नाही, ही सबब मीही दिली होती. तसे असेल तर कडेची खाट द्यावी आणि गाऊन व हातमोजे पहिल्या तासापासून वापरावेत. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात आणि जंतू तेवढे थांबत नाहीत.

स्वॅब कोणाचा घ्यायचा हे ठरवण्यासाठी जुने डिस्चार्ज कार्ड स्वतः वाचावे, कारण गेल्या 12 महिन्यांतले रुग्णालयातले वास्तव्य नातेवाईक पुष्कळदा सांगायचे विसरतात. एमआरएसएसाठी (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) नाकाचा आणि आतड्यातल्या जंतूंसाठी गुदद्वाराचा स्वॅब लागतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. गुदद्वाराच्या स्वॅबवर विष्ठेचा रंग दिसत नसेल तर नमुना पुन्हा घ्यावा, नाहीतर 'निगेटिव्ह' या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

हँडरब (हातांना लावायचे अल्कोहोलयुक्त जंतुनाशक) 20 ते 30 सेकंद चोळावे, हातमोजे काढल्यावरसुद्धा.

रुग्ण वाहक निघाल्यास त्याच्या सहवासात आलेल्या सर्वांची यादी करावी, घरी गेलेल्यांसह, आणि वॉर्डात असलेल्यांचे स्वॅब दर आठवड्याला घ्यावेत. 2011 मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात अशाच क्लेबसिएलाची साथ पसरली. तिथे पहिली रुग्ण वाहक असल्याचे माहीत होते, तिला वेगळेही ठेवले होते. तरी ती घरी गेल्यानंतर तीन आठवड्यांनी दुसऱ्या रुग्णात तोच क्लेबसिएला सापडला. मधल्या काळात तो लक्षणे नसलेल्यांच्या शरीरात होता. एकूण 18 जणांपर्यंत तो पोहोचला, 11 दगावले, त्यांपैकी सहा त्या संसर्गाने. वेगळे ठेवूनही हे झाले. मी तर वेगळेही ठेवले नव्हते.

वॉशबेसिनमध्ये रुग्णाच्या अंघोळीचे पाणी ओतू नये. हे जंतू नाल्यात टिकतात आणि शिंतोड्यांतून परततात. खाटेचे कठडे, कॉलबेल आणि नळाची मूठ रोज पुसावी. रुग्ण गेल्यावर पडदे बदलावेत. डिस्चार्ज कार्डावर 'वाहक' असे स्पष्ट लिहावे आणि पुढच्या रुग्णालयाला फोनही करावा. अहवाल बाकी असेल तर तेही लिहावे, म्हणजे तिथले लोक तो येईपर्यंत रुग्णाला वेगळे ठेवतील.