सोयाबीनच्या गाठी आतून लाल हव्यात: रायझोबियमची बीजप्रक्रिया

नागपूर जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडला की पेरणीची घाई होते. त्या घाईत रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीट घरीच राहतं, नाहीतर बुरशीनाशकातच कालवलं जातं. नुकसान दोन्हीकडून सारखंच. पाकिटात औषध नाही, जिवंत जिवाणू आहेत.

पाकिटावर पिकाचं नाव आणि अंतिम तारीख वाचा. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू लागतो. हरभऱ्याचा जिवाणू इथे गाठी धरत नाही. पावसाआधी पारा ४० च्या वर असतो, म्हणून पाकीट टिनाच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिक्कीत नको. घरात, माठाच्या बाजूला ठेवा.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी किंवा १०० मिली द्रवरूप संवर्धक पुरे. एकरी ३० किलो बियाणं धरलं तर भुकटीची तीन पाकिटं. १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. कोमट पाण्यातही जिवाणू मरू शकतात. त्यातलं लागेल तेवढंच पाणी भुकटीत घालून राबडी करा. बुरशीनाशक आदल्या दिवशी लावून सुकवलेलं असावं, जिवाणू सगळ्यात शेवटी. स्फुरद विरघळवणारे जिवाणू याच वेळी, याच प्रमाणात चालतात.

बियाणं ताडपत्रीवर पसरून राबडी शिंपडा आणि ताडपत्रीची टोकं उचलून हलवा. हाताने चोळू नका. सोयाबीनची साल पातळ असते. पाणी जास्त झालं तर ती सुरकुतते, चोळलं तर सुटते, आणि उगवण जाते. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. रासायनिक खतात हे बियाणं मिसळू नका.

खरी परीक्षा ३५ ते ४५ दिवसांनी. झाड उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. कुदळीने ढेकळासकट काढून बादलीत हलकेच धुवा आणि गाठ नखाने कापा. आत लालसर गुलाबी असेल तर काम सुरू आहे. हवेतल्या नत्राचा अमोनिया करणारं नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने बिघडतं. पण जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. हा पेच गाठीतलं लेगहिमोग्लोबिन हे प्रथिन सोडवतं: प्राणवायू धरून ठेवतं आणि जपून पुरवतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच ते भावंड, म्हणून रंग लाल. पांढरी गाठ कोवळी असते किंवा निकामी. हिरवट-तपकिरी झाली म्हणजे म्हातारी.

गाठी पांढऱ्या किंवा मोजक्याच दिसल्या तर आधी युरिया आठवा. तयार नत्र मिळालं की झाड गाठींना साखर पुरवणं कमी करतं, कारण नत्राचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी (पेशीला ऊर्जा देणारे रेणू) खर्च होतात. पेरणीच्या वेळचा शिफारशीचा हप्ता ठीक. नंतर पिवळं दिसलं म्हणून मूठभर युरिया फेकू नका. काळ्या जमिनीत तो पिवळेपणा बहुधा साचलेल्या पाण्याचा असतो. मुळांशी हवा राहत नाही, गाठी गुदमरतात, आणि त्याच चिखलात दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून उडवतात. अशा वावरात रुंद वरंबा-सरीवरच पेरा आणि चर मोकळे ठेवा.

गाठींनी जमवलेलं बरंच नत्र दाण्यातून बाजारात जातं. उरलेलं कुटारात (मळणीनंतरच्या भुशात) आणि मुळांत असतं, म्हणून कुटार जाळू नका. मागून हरभरा घेणार असाल तर त्याला त्याचं वेगळं पाकीट लागेल.