बाळाच्या स्वेटरचा टाका सुटला तर

टाका सुटला की आधी विणकाम ताणू नका. ताणलं की शिडी (सुटलेल्या टाक्याखाली उघड्या पडणाऱ्या आडव्या धाग्यांची रांग) आणखी खाली पळते. सुटलेल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा.

सुलट बाजू समोर घ्या. क्रोशाची सुई पुढून टाक्यात घाला, मागचा सर्वांत खालचा आडवा धागा पकडून टाक्यातून पुढे ओढा. एक धागा म्हणजे एक ओळ. मधला एखादा धागा पकडायचा राहिला तर तिथे भोक दिसतं. टाका डाव्या सुईवर चढवताना त्याचा उजवा पाय (फासाची उजवी बाजू) सुईच्या पुढे हवा, नाहीतर पीळ पडतो.

चूक पाच-सहा ओळी खाली असेल तर उसवाच. मात्र आधी चुकीच्या खालच्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून १२ नंबरची बारीक सुई ओवा. उसवणं तिथेच थांबतं. मग टाके मोजा.