त्वचेच्या कर्करोगासाठी पुण्यात स्वमदतगट सुरू करताना

त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी आढळतो आणि तो झालेल्या माणसाचे एकटेपण त्यातूनच येते. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कर्करोगातून गेलेले कोणी ना कोणी ओळखीत निघते. पण तळपायावरच्या काळ्या डागाचे निदान ‘मेलानोमा’ (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) असे आले, तर त्याच वाटेने गेलेले माणूस शोधूनही सापडत नाही. “त्वचेचाही कॅन्सर असतो का?” हा प्रश्न ऐकून ऐकून रुग्ण शेवटी कोणाला काही सांगेनासा होतो. अशा माणसांची एकमेकांशी गाठ घालून देणे हे स्वमदतगटाचे पहिले काम आहे. पुण्याला या कामाची सवय आहे. कोड असणाऱ्यांसाठी श्वेता असोसिएशन, पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ असे गट इथे उभे राहिले आहेत. आजार असलेल्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धतही अशा गटांतून रुळली आहे, म्हणून पुढे तेच शब्द वापरले आहेत.

गट केवळ मेलानोमापुरता ठेवू नये, कारण तसे केल्यास माणसेच जमणार नाहीत. त्वचेच्या कर्करोगाचे आणखी दोन प्रमुख प्रकार आहेत. बेसल सेल कार्सिनोमा बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या किंवा पापणीच्या कडेला होतो. तो शरीरात क्वचितच पसरतो, पण शस्त्रक्रियेनंतर चेहरा बदलू शकतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा भाजल्याच्या जुन्या व्रणात किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत उद्भवू शकतो. परकराच्या नाडीने किंवा धोतराच्या गाठीने कमरेवर सतत घासल्या जाणाऱ्या जागीही तो झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात नोंदली गेली आहेत. मेलानोमा आपल्या लोकांत अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो, आणि “दारात बोट चेमटलं असेल”, “चपलेनं घासलं असेल” असे म्हणण्यात मोलाचे महिने निघून जातात. या तिघांची भीती सारखी नसते. एकाला चेहऱ्याची काळजी असते, तर दुसऱ्याला जिवाची. म्हणून सुरुवातीला सर्वांनी एकत्र बसावे आणि शेवटचा अर्धा तास दोन वेगळ्या वर्तुळांत घालवावा, असे मला वाटते. चार-पाच जण मिळाले तरी सुरुवात करावी. मोठ्या संख्येची वाट पाहत बसल्यास गट कधीच सुरू होत नाही.

ही चार-पाच माणसे त्वचारोगतज्ज्ञ, कर्करोग शल्यचिकित्सक आणि प्लास्टिक सर्जन यांच्यामार्फत मिळतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना आणि खाजगी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकांना भेटून मराठीत छापलेले छोटे पत्रक द्यावे. त्यावर गट कोणासाठी आहे, कधी आणि कुठे भेटतो आणि कोणाला फोन करायचा एवढेच असावे. रुग्णांचे क्रमांक रुग्णालयाकडे मागू नयेत. ज्याला यायचे आहे त्याने स्वतः फोन करावा. एखादा शुभार्थी महिनोन्‌महिने पत्रक पाकिटात ठेवून मग फोन करील, आणि त्यात काहीही वावगे नाही.

जागेचा विचार मात्र बारकाईने करावा लागतो. पायाचे बोट काढलेल्या किंवा जांघेतील लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यामुळे पाय सुजणाऱ्या माणसाला जिना चढवू नये, त्यामुळे जागा तळमजल्यावर आणि बसथांब्याजवळ असावी. वाचनालयाचे किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचे सभागृह पुष्कळदा मिळते. सतरंजी नको, खुर्च्या गोलाकार मांडाव्यात आणि सुजलेला पाय वर ठेवण्यासाठी दोन-तीन स्टुले ठेवावीत. दाराशी चप्पल काढण्याची सक्ती करू नये. पट्टी बांधलेले किंवा बोट नसलेले पाऊल चारचौघांत उघडे करणे पहिल्याच भेटीत अनेकांना जड जाते. उन्हाळ्यात वेळ संध्याकाळची ठेवावी आणि गणेशोत्सवात पेठांमध्ये बैठक ठेवू नये. पुण्यात दुचाकीवर चेहऱ्याला स्टोल गुंडाळण्याची पद्धत असल्याने गालावर किंवा नाकावर व्रण असलेल्या स्त्रीला रस्त्यावर कोणी काही विचारत नाही. तो स्टोल खोलीत आल्यावर काढायचा की नाही, हे पूर्णपणे तिच्यावर सोडावे आणि तिने काढलाच तर कोणीही निरखून पाहू नये.

बैठक दीड तासाची आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी व्हावी. दोन समन्वयक असावेत, म्हणजे एखाद्याला रडू आवरेनासे झाले तर एकजण त्याच्यासोबत बाहेर जाऊ शकतो आणि दुसरा बैठक सांभाळू शकतो. इथे बोललेले बाहेर जाणार नाही, कोणाला बोलण्याचा आग्रह होणार नाही आणि कोणी कोणाचे बोलणे तोडणार नाही, हे प्रत्येक वेळी सुरुवातीला मोठ्याने सांगावे. जुन्या सदस्यांना ते पाठ असले तरी नव्याला ते ऐकण्याची गरज असते. नवीन माणसाला “कितवी स्टेज?” असे विचारू नये. “इथपर्यंत यावंसं का वाटलं?” असे विचारले, तर सांगायचे तेवढे तो आपणहून सांगतो. “पॉझिटिव्ह राहा” हे वाक्य शक्यतो टाळावे, कारण ते ऐकल्यावर घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या भीतीचीही लाज वाटू लागते. शुभार्थीच्या वतीने शुभंकर बोलू लागला, “यांना रात्री झोप लागत नाही, मी सांगते ना,” असे झाले, तर समन्वयकाने त्यांचे ऐकून घ्यावे आणि मग प्रश्न पुन्हा शुभार्थीकडे वळवावा. शुभंकरांना स्वतःसाठी वेगळी वेळ द्यावी. थकव्याबद्दल आणि खर्चाबद्दल ते रुग्णासमोर मोकळेपणाने बोलू शकत नाहीत.

गटाने कशाचे आश्वासन देऊ नये, हेही स्पष्ट असले पाहिजे. लॉस एंजेलिसमधील डॉ. फॉझी आणि सहकाऱ्यांनी मेलानोमाच्या ६८ रुग्णांपैकी निम्म्यांना दर आठवड्याला एक अशा सहा गटबैठकांत आजाराची माहिती, ताण हाताळण्याची तंत्रे आणि एकमेकांचा आधार दिला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गटातील ३४ पैकी ३, तर गटाबाहेरील ३४ पैकी १० रुग्ण दगावल्याचे दिसले आणि गटामुळे आयुष्य वाढते अशी आशा निर्माण झाली. परंतु डेन्मार्कमध्ये २६२ रुग्णांवर तशाच पद्धतीने केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगण्याच्या कालावधीत फरक आढळला नाही. मनाच्या अवस्थेत मात्र काही काळ सुधारणा झाली होती. तेव्हा गटात आल्याने भीती आणि एकटेपणा हलका होतो एवढेच म्हणावे, आणि तेवढ्यासाठीही गट चालवणे पूर्णपणे सार्थ आहे.

औषधांविषयीचा सल्ला गटात देऊ नये. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणारे उपचार) घेणाऱ्या व्यक्तीला जुलाब, धाप किंवा अंगभर पुरळ सुरू झाले, तर “मलाही झालं होतं, जातं आपोआप” हे उत्तर धोक्याचे ठरू शकते. तिला त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायला सांगावे. व्हॉट्सॲपवर गट केल्यास त्यात बैठकीची सूचना आणि एकमेकांची विचारपूस एवढेच ठेवावे. कर्करोग हमखास बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने निषिद्ध आहेत. असा संदेश आल्यास समन्वयकाने तो काढून टाकावा आणि पाठवणाऱ्याशी स्वतंत्रपणे, न दुखावता बोलावे. त्वचेची स्वतः तपासणी मात्र गटात जरूर शिकवावी. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखे आणि आरशाच्या मदतीने पाठ पाहावी. आकाराने दोन्ही बाजूंना वेगळा, कडा ओबडधोबड, एकाहून अधिक रंगांचा, ६ मिलिमीटरहून मोठा किंवा बदलत जाणारा डाग दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवावा.

खर्चाविषयीचे अनुभव गटात मोकळेपणाने सांगितले जावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेबाबत मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, हे अनेक कुटुंबांना उपचार संपल्यावर कळते.

कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवावे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सर्वांकडे असावा. आजार बळावलेल्या सदस्यासाठी वारजे येथील सिप्लाच्या उपशामक (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) केंद्राची माहिती वेळेत द्यावी, तिथे सेवा विनामूल्य असते. एखादा सदस्य गेल्यास पुढच्या बैठकीत ते लपवू नये. त्याचे नाव घ्यावे, बोलायचे असेल त्यांना बोलू द्यावे, आणि शुभंकराला पुढेही येत राहायचे असेल तर त्याची जागा गटात तशीच राहील असे त्याला सांगावे.

संस्था नोंदवण्याची घाई करू नये. चहा आणि पत्रकांचा खर्च वर्गणीतून निघतो तोवर नोंदणीची गरज नाही. बाहेरून देणगी येऊ लागली, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सदस्य जमवून नोंदणी करावी, आणि तोपर्यंतचा प्रत्येक रुपयाचा हिशेब एका साध्या वहीत, सर्वांना पाहता येईल असा ठेवावा.